सर्वांत बारीक बोलणारा नारळ

दामोदर घरत या माणसावर अन्याय झाला, याविषयी माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. तो कोणी केला, एवढेच मला अद्याप ठरवता आलेले नाही. न्यायालयाच्या कचेरीतून अधीक्षक म्हणून निवृत्त झालो त्याला बराच काळ लोटला. पण कोणत्याही कागदावर वर अर्जदार आणि खाली प्रतिवादी असलाच पाहिजे, ही सवय हाडात मुरली आहे. या प्रकरणात अर्जदार मला स्वच्छ दिसतो : अर्धी चड्डी, धुवट बनियन, खांद्यावर पंचा आणि उजव्या हातात कानाशी धरलेला नारळ. प्रतिवादीची जागा मात्र कोरीच राहते. म्हणून अर्ज न लिहिता हे लिहितो आहे.

चौलात आमच्या नारळी-पोफळीच्या वाड्या एकमेकींना लागून आहेत. मध्ये अडुळशाचे कुंपण, त्यालाही एक खिंडार, आणि त्या खिंडारातून दामूभाऊंची हाक : "वकीलसाहेब, हायत का घरात?" मी वकील नाही, हे मी त्यांना अनेकदा समजावून सांगितले होते. त्यावर ते म्हणत, "मंग तर अजून बरं. खोटं बोलायची सक्ती न्हाय तुमाला."

नारळ पारखणे हा त्यांचा धंदा नव्हता, तो त्यांचा धर्म होता. माडावरून उतरवलेला प्रत्येक नारळ ते कानाशी नेत आणि एकदा, फक्त एकदा, हलवत. दुसऱ्यांदा हलवणे त्यांना मंजूर नव्हते. "दोनदा इचारायला लागलं तर त्याचा न्हाय, आपला दोष." आतल्या पाण्याचा जो काही आवाज येई, त्यावरून निकाल जाहीर होई. हा आजच फोडा. हा चार दिस ठेवा. ह्यात कोंब धरलाय, आतला गोड गोळा नातवाला द्या. काशीदच्या किनाऱ्याकडे निघालेले पर्यटक त्यांच्या बेड्यापाशी, म्हणजे वाडीच्या फाटकाशी, गाडी थांबवून शहाळी पीत. नारळ कानाशी धरून उभ्या असलेल्या दामूभाऊंना एकदा एका तरुणाने विचारले, "काय काका, नेटवर्क मिळतंय का?"

"मिळतंय ना," दामूभाऊ म्हणाले. "आतून सांगतात, गिऱ्हाईक घाईतलं हाय, त्याला पानी पाजा आनि वाटंला लावा."

अशा माणसाला ऐकू येईनासे झाले आहे, हे गावाला फार उशिरा कळले. त्याचे कारण सरूवहिनी. दामूभाऊंच्या पत्नीचा आवाज असा होता की त्यांनी स्वयंपाकघरातून नवऱ्याला जेवायला बोलावले की माझ्या घरातही ताटे मांडली जात. "अवं, कानात माती गेली काय तुमच्या?" हे वाक्य मी रोज ऐकत असे आणि त्यात काही तथ्य असेल अशी शंका मला कधी आली नाही. नवरा हळूहळू बहिरा होत होता आणि बायकोचा आवाज त्याच प्रमाणात चढत होता. दोघांचा हिशेब बरोबर जुळत असल्यामुळे कोणालाच काही उणे दिसले नाही. फक्त दामूभाऊंनी दिलेले नारळ अधूनमधून नासके निघू लागले. ते मान हलवून म्हणत, "हल्ली नारळच मुके झालेत. त्या वादळात माड असं काय हादरलं, तवापासून बोलायचेच बंद." लोकांनी हे स्पष्टीकरण मान्य केले. वादळावर कोकणात काहीही ढकलता येते.

मग सरूवहिनींना पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली, तोंड एका अंगाला ओढले गेले, आणि त्या आवाजाच्या जागी एक कुजबुज उरली. पांघरूण सरकल्याचा होतो तेवढाच आवाज. त्यांची मुलगी पुष्पा सासरहून, पेणहून, आईजवळ येऊन राहिली. तिला ती कुजबुज समजे. मलाही, जवळ बसलो तर, चारांपैकी तीन शब्द समजत. दामूभाऊंना काहीच समजेना. माझ्या मते दामूभाऊ त्या दिवशी बहिरे झाले.

ऐकण्याचे पहिले यंत्र त्यांनी एका सभागृहातल्या शिबिरात घेतले. विकणारे दुसऱ्या दिवशी नाहीसे झाले आणि यंत्र तिसऱ्या दिवशी मुके. मी ग्राहक खात्याला पत्र लिहिले. उत्तर आले की आपली तक्रार योग्य विभागाकडे पाठवण्यात आली आहे. तो योग्य विभाग कोणता, हे विचारणारे दुसरे पत्र लिहिले. त्याला उत्तर आले नाही. तिसऱ्या पत्राची भाषा मी येथे देत नाही. अखेर मीच त्यांना अलिबागला श्रवणतज्ज्ञांकडे घेऊन गेलो. म्हात्रेबाई तरुण, बोलायला मोकळ्या आणि कामात चोख होत्या. त्यांचा दवाखाना दुसऱ्या मजल्यावर, लिफ्टशिवाय. गुडघे धरून जिने चढणारे म्हातारे पाहून मी इमारतीच्या मालकालाही एक पत्र लिहिले, हे ओघाने आलेच.

तपासणी अशी असते : माणसाला काचेच्या बंद खोलीत बसवतात, कानाला आवाजाच्या वाट्या लावतात, हातात एक बटण देतात. बारीक आवाज ऐकू आला की अंगठ्याने बटण दाबायचे. बाई काचेपलीकडून पाहत असतात. मी बाहेर बाकावर होतो. थोड्या वेळाने बाईंनी मला आत बोलावले. त्या गोंधळल्या होत्या.

"आजोबा, यांचं काय करू? मी आवाज सोडलेला नसतानासुद्धा हे बटण दाबतात."

मी दामूभाऊंच्या कानाशी ओरडून विचारले. ते संकोचून म्हणाले, "ती पोर काचंतून कशी बगते बगा. यवढी मेहनत करते. न्हाय दाबलं तर वाईट वाटंल तिला."

बाई हसल्या आणि लगेच गंभीर झाल्या. "काका, तुम्ही माझं मन राखलंत तर मशीन चुकीचं लागेल. मला खरं सांगा. ऐकू आलं नाही तर बटणाला हात लावायचा नाही." दामूभाऊंनी मान डोलावली, पण पुढच्या तपासणीत मी काचेतून पाहत होतो. प्रत्येक वेळी बटण सोडून देताना त्यांचा चेहरा असा होई, जणू दारात आलेल्याला विन्मुख पाठवले आहे.

यंत्र बसवले गेले. संगणकाला तार जोडून बाईंनी आवाज वर-खाली केला आणि म्हणाल्या, "आता माझं बोलणं कसं येतंय, काका?" दामूभाऊंनी पिशवीत हात घातला, सोललेला एक नारळ काढला, कानाशी नेला आणि एकदा हलवला.

"न्हाय," ते म्हणाले. "अजून वाढवा."

बाईंनी वाढवले. त्यांनी नारळ हलवला. न्हाय. पुन्हा वाढवले. नारळ कानाजवळ गेला तसे यंत्र तीक्ष्ण शिट्टी मारू लागले; बाहेर बसलेली माणसे डोकावू लागली. शिट्टी मारणाऱ्या कानाच्या मालकाला मात्र तिचा पत्ता नव्हता. तेवढ्या चढ्या सुरातले त्यांना यंत्र लावूनही ऐकू येत नसे.

"काका, हे मशीन नारळासाठी नाही, माणसांसाठी आहे."

"मानसासाठीच बगतोय, मॅडम."

मला संताप आला. इतक्या खटपटीने मिळवलेली वेळ हा माणूस फळावर घालवतो आहे, असे मी त्यांना जिन्यातच सुनावले. ते ऐकू आले नसावे. रेवदंड्याकडे जाणाऱ्या रिक्षात, मागच्या बाजूला आम्ही दोघेच असताना, त्यांनी तो नारळ माझ्या हातात दिला. "ओळखला का? तुमीच काढून दिलेला."

तेव्हा मला आठवले. आधल्या आठवड्यात त्यांनी मला ओटीवर बसवून नारळांचा ढीग पुढे केला होता आणि म्हटले होते, "सगळ्यांत बारीक बोलनारा काढून द्या. मुका नको. बोलनारा, पन बारीक." मी कुरकुरत, एकेक हलवून, जवळजवळ आटलेला, घोटभर पाणी उरलेला एक नारळ काढून दिला होता.

"सरू यवढंच बोलते," दामूभाऊ म्हणाले. "हा आयकू आला की ती आयकू येल. रोज दिवा लावायच्या वक्ताला मला काय तरी सांगते. रोज एकच हाय. ओठ तसेच हालतात, पन अर्धं तोंड हालतच न्हाय, बगून कळायचं कसं?"

मी कायद्याने वागणारा माणूस आहे. अडचण दिसली की मला मार्ग दिसतो. वहिनी बोलतात, मला ऐकू येते, मी मोठ्याने सांगेन. दुभाषा न्यायालयातही चालतो. त्याच संध्याकाळी खिंडारातून त्यांच्या घरी गेलो आणि खाटेशेजारी बसलो. देव्हाऱ्यात दिवा लागला. वहिनींनी नवऱ्याकडे पाहिले, डावा हात उचलला, ओठ विलग केले, आणि त्यांचे लक्ष माझ्याकडे गेले. ओठ मिटले. मी म्हणालो, "बोला वहिनी, मी सांगतो त्यांना." त्या माझ्याकडे पाहत राहिल्या. त्यांना धड बोलता येत नव्हते, पण उठून जा असे सांगायला त्यांना बोलावे लागले नाही. पुष्पा म्हणाली, "माज्यासमोर पन न्हाय बोलत, काका. मी इचारलं, तर बाबांकडं बोट दाखवलं." लिहायचे तर उजवा हात गेलेला, डाव्या हाताने पाटीवर एक लांब वाकडी रेघ उमटली आणि पाटी खाली ठेवली गेली.

पुराव्याच्या कायद्यात एक तरतूद आहे. काही अपवाद सोडले तर, पती-पत्नींनी संसारात एकमेकांना जे सांगितले ते उघड करायला त्यांना न्यायालयही भाग पाडू शकत नाही. सेवेत असताना ती तरतूद मला पळवाट वाटे. त्या संध्याकाळी खाटेपासून उठताना तिचा अर्थ मला प्रथम कळला, आणि तो माझ्या काही उपयोगाचा नव्हता.

पुढच्या खेपेला मी म्हात्रेबाईंना सर्व सांगितले. त्यांनी तो नारळ आपल्याही कानाशी हलवून पाहिला. मग त्यांनी दामूभाऊंच्या कानात गुलाबी लगदा भरून साचा घेतला, म्हणजे यंत्र घट्ट बसेल आणि शिट्टी कमी होईल. यंत्र बारीक सळसळ गोंगाट समजून दाबून टाकते, ती सोय त्यांनी बंद केली. आता नारळ ऐकू येऊ लागला. दामूभाऊंनी तो एकदा हलवला आणि त्यांचा चेहरा असा उजळला की बाईंनीही टाळी वाजवली. पण त्याबरोबर चमचा, नळ, कावळा, दुचाकी, स्वतःच्या चपलांची फटफट, सगळेच अंगावर धावून येऊ लागले. वहिनींच्या खाटेशी वाकले की शिट्टी होई ती होईच. शिट्टी घालवायची तर आवाज उतरवावा लागे. आवाज उतरवला की वहिनी नाहीशा. मी बाईंना जाब विचारला. अशा यंत्राला यंत्र म्हणायचे कशाच्या आधारावर?

"आजोबा, माझ्यावर रागवा, चालेल," त्या म्हणाल्या. "मशीन आवाज मोठा करतं. शब्द सुटे करायचं काम आतल्या नसेचं. ती नस काकांची फार थोडी उरलीय. मी दर वेळी सांगते, ते मान डोलावतात."

ते मान डोलावत, कारण ती पोर मेहनत करत होती.

एवढे मात्र त्यांनी केले की वहिनींना जिने चढवता येत नाहीत म्हणून एका रविवारी त्या स्वतः चौलास आल्या. संगणक मांडीवर घेऊन खाटेजवळ बसल्या, खोलीत कोणता आवाज किती येतो ते पाहिले, पंखा बंद करवला, खिडकी ओढून घेतली. वहिनींनी त्यांच्यासमोरही तोंड उघडले नाही. अखेर बाईंनी अंदाजाने यंत्र लावले, तार काढून घेतली आणि म्हणाल्या, "आपण सगळे बाहेर जाऊ." पुष्पा आणि बाई ओटीवर उभ्या राहिल्या.

आणि रविवार असल्यामुळे रस्त्यावरून काशीदकडे गाड्यांची रीघ लागली होती. कर्णे, गाणी, आरोळ्या. या वर्दळीविरुद्ध मी संबंधित खात्याला लिहिलेल्या पत्रांचे एक स्वतंत्र बाड आहे. त्या दिवशी मी पत्र लिहिले नाही. छत्री घेतली, बेड्याबाहेर गेलो आणि रस्त्याच्या मध्यभागी आडवी धरली. मला तसा कोणताही अधिकार नव्हता. पहिली गाडी करकचून थांबली. चालवणाऱ्याने मान बाहेर काढली.

"काय झालं, काका? अपघात?"

"गाणं बंद करा. आत एक बाई बोलते आहे."

"मग?"

"मग काही नाही. तिला बोलू द्या."

त्याने माझ्याकडे, मग घराकडे पाहिले आणि किल्ली फिरवली. मागच्या गाडीने कर्णा वाजवताच तो उतरून तिच्याकडे गेला. त्याने काय सांगितले ते मला ठाऊक नाही; पण गाड्या एकामागून एक गप्प झाल्या. माडांच्या झावळ्या ऐकू येऊ लागल्या. त्या शांततेत घरातून यंत्राची शिट्टी आली, थांबली, पुन्हा आली. मग पुष्पाने ओटीवरून हात केला आणि मी छत्री मिटली.

दामूभाऊ उंबऱ्यात उभे होते. बाईंनी त्यांच्यासमोर जाऊन सावकाश विचारले, "बोलल्या?"

"व्हय. बोलली."

"ऐकू आलं, काका?"

बाई काचेपलीकडून पाहत तशाच पाहत होत्या. मला वाटले, आता हे हो म्हणतील. त्यांचा अंगठा हललाही. पण ते म्हणाले, "पानी हाललं, मॅडम. आत पानी हाय, यवढं कळलं." आणि थोड्या वेळाने, "नारळाला आपन शब्द कुठं इचारतो? त्याला आवाज आसला की झालं. माजंच चुकलं. मी मापच चुकीचं आनलं."

बाईंनी पिशवी भरली. दामूभाऊंनी त्यांना चार नारळ दिले, पारखून, प्रत्येक एकदाच हलवून.

त्यानंतर रोज संध्याकाळी मला खिंडारातून तेच दृश्य दिसे. दिवा लागे. दामूभाऊ यंत्र घालून खाटेवर वाकत. वहिनींचे ओठ हलू लागत आणि यंत्र शिट्टी मारी. ती ऐकून वहिनींना हसू येई; अर्ध्या तोंडाने, आवाजाविना, पण खांदे हलेपर्यंत. दामूभाऊंना शिट्टी ऐकू येत नव्हती. बायकोने आपल्याला काहीतरी गंमत सांगितली आणि ती हसते आहे, असे समजून तेही हसत. मी त्यांना खरे कारण सांगितले नाही. ते सांगणे माझे कर्तव्य होते की नाही, यावर मी पुष्कळ विचार केला आहे.

वहिनी हिवाळ्यात गेल्या. त्या रोज काय सांगत होत्या ते कोणालाच कळले नाही. मी रागाने कागद ओढला, वर दामूभाऊंचे नाव लिहिले, खाली कोणाचे लिहावे ते सुचेना. शिबिरवाले? त्यांचे यंत्र कधीच फेकले होते. म्हात्रेबाई? त्यांनी शक्य ते सर्व आणि त्याहून थोडे अधिक केले होते. यंत्र बनवणाऱ्यांनी शब्द ऐकू येतील असे वचन कुठेच दिलेले नव्हते. मी बारीक छपाई भिंगाखाली धरून वाचली.

पुष्पाने बापाला पेणला न्यायचे ठरवले. वाडी खंडाने दिली. निघायच्या दिवशी रिक्षा बेड्याशी उभी होती आणि सामान आत चढले होते, तेवढ्यात दामूभाऊ खिंडारातून माझ्याकडे आले. पंच्यात गुंडाळलेला तोच नारळ त्यांनी माझ्यापुढे केला.

"वकीलसाहेब, मला हल्ली न्हाय आयकू येत हा. म्हटलं मशीन बिघडलं का, का मीच. तुमी बगा. एकदाच हालवा."

मी नारळ कानाशी नेला आणि एकदा हलवला. आत काही नव्हते. पाणी केव्हाच आटले होते. खोबरे अजून करवंटीला धरून असल्यामुळे सुटलेल्या गोट्याचा खडखडाटही नव्हता. दामूभाऊ माझ्या तोंडाकडे पाहत होते. आयुष्यभर मी एकाही खोट्या कागदावर सही केलेली नाही, आणि माझ्याकडून तशी अपेक्षा करणाऱ्याला मी दारात उभे केलेले नाही.

मी हात वर केला आणि अंगठ्याने बटण दाबल्यासारखे केले.

"बोलतो ना?" त्यांनी नारळ परत घेऊन पंच्यात गुंडाळला. "तुमी वकील न्हाय, म्हनून तुमाला इचारलं."

रिक्षा निघाली. अलिबागच्या वळणावर ती दिसेनाशी होण्याआधी मी पाहिले, तेव्हा मागच्या बाकावर पंचा पुन्हा सुटला होता आणि त्यांचा हात कानाशी गेला होता. यंत्राची शिट्टी मला बेड्यापर्यंत ऐकू आली.